कंपनीचा प्लॉट, विद्यापीठाचा प्लॉट आणि बहिणीच्या हातातली चिठ्ठी

दसरा झाला की आमच्या भागात सोयाबीनची मळणी सुरू होते. थ्रेशरचा आवाज सकाळपासून रात्रीपर्यंत. त्याच दिवसांत बहीण भाच्याला घेऊन आली. भाचा सात वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं सांगितलं. बोलतो मोजकंच, पण रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर कोणाचा हे नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्या दिवशी तो ओसरीच्या खांबाला डोकं आपटत होता. बहिणीनं खांबाला गोधडी गुंडाळली होती आणि स्वतःच्या हातावरचे चावे पदराखाली झाकले होते.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं चिठ्ठी काढली. "दादा, डॉक्टरनं गोयी लिहून देल्ली. मोबाईलवर एक जण म्हनते शंभरातले एकोनसत्तर पोरं सुधरतात, अन् दुसरा म्हनते जहर हाय. आता कोनाचं खरं समजू?"

चिठ्ठीवर रिस्पेरिडोन होतं, मारणं, स्वतःला इजा, भडका कमी करायला देतात ती गोळी.

मी कृषी सहायक आहे. गोळी द्यावी की नको हे मी सांगणार नाही, आणि कोणी कृषी सहायक ते सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण 'एकोणसत्तर टक्के' म्हणजे काय, हे विचारायचं कसं, तेवढं मला येतं. बावीस वर्षं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

आमच्याकडे बियाण्याच्या कंपन्या डांबरी रोडच्या कडेला प्लॉट लावतात. वावर निवडतात ते ओलिताचं, काळ्याभोर जमिनीचं. खताचे दोन हप्ते जास्तीचे, फवारणी वेळेवर, निंदण कंपनीच्या खर्चानं. मग बोर्ड लागतो, जीपगाड्या भरून शेतकरी येतात, आलुबोंडा खातात, पऱ्हाटीची बोंडं मोजतात आणि थैली घेऊन घरी जातात. पुढच्या साली मुरमाड, कोरडवाहू वावरात तेच बियाणं पेरल्यावर डोक्याला हात. बियाणं खोटं नसतं हो. पण त्या बोंडांत बियाण्याचा वाटा किती, जमिनीचा किती आणि पाण्याचा किती, हे त्या प्लॉटवरून कोणालाच सांगता येत नाही. शेजारी दुसरं वाण त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर लावलेलंच नसतं.

कृषी विद्यापीठाचा प्लॉट दिसायला भिकार. बोर्ड लहान, वावराचे तुकडे पाडलेले, आणि कोणत्या तुकड्यात कोणतं वाण जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. धुऱ्याजवळचा तुकडा कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो, विहिरीजवळचाही. एक वाण अनेक तुकड्यांत. शिवाय काही तुकड्यांत जुनंच, ओळखीचं वाण, तुलनेसाठी.

औषधाचा चांगला प्रयोग हा विद्यापीठाच्या प्लॉटसारखा असतो. किंबहुना ही पद्धत वावरातूनच दवाखान्यात गेली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हा गणिती कामाला लागला. तुकड्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच झाली पाहिजे, हे त्यानं पटवून दिलं. पुढे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं माणसांसाठी तीच शिस्त लावली आणि क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९४८ साली छापून आले. त्यामुळे असा अभ्यास वाचताना मला परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही.

बहिणीच्या मोबाईलवरचा तो ६९ चा आकडा कुठला, ते शोधलं. आकडा खराच निघाला. अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांच्या दवाखान्यांत मिळून हा अभ्यास झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. ५ ते १७ वर्षांची १०१ मुलं होती. चिठ्ठी पद्धतीनं ४९ मुलांना रिस्पेरिडोन आणि ५२ मुलांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. तिला मी नकली गोळी म्हणतो, डॉक्टर प्लासिबो म्हणतात. आठ आठवडे चाललं. कोणाला काय मिळतंय हे आईबापांना माहीत नाही आणि मुलाला तपासून गुण देणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही. आठ आठवड्यांनी औषधवाल्या गटात शंभरी ६९ मुलं 'सुधारली' आणि नकली गोळीच्या गटात शंभरी १२.

तो १२ चा आकडा मोबाईलवरच्या माणसानं खाल्ला होता. खरं तर सगळी गंमत त्या १२ मध्ये आहे. गोळीत काहीच नसतानाही शंभरातली बारा मुलं सुधारलेल्यांत धरली गेली. म्हणजे औषधाच्या खात्यात ६९ नाही, ६९ वजा १२, म्हणजे ५७ टाकायचे. शंभरातली राहिलेली ३१ औषध घेऊनही त्या रेषेपर्यंत पोचली नाहीत, तेही लक्षात ठेवायचं. तरीही हा फरक मोठा आहे. मुलांच्या वागणुकीवरच्या औषधांत एवढा फरक सहसा दिसत नाही, आणि 'जहर' म्हणणाऱ्याला हे सांगायला पाहिजे.

पण 'सुधारलं' म्हणजे नेमकं काय झालं? इथे बहुतेक लोक घसरतात.

या सगळ्या अभ्यासांत एक प्रश्नावली वापरतात, तिचं नाव 'अबेरंट बिहेवियर चेकलिस्ट'. अमन आणि सिंग या संशोधकांनी १९८५ साली ती मांडली. एकूण ५८ प्रश्न, त्यातले १५ चिडचिडीचे. आपल्याकडे चिडचिड म्हणजे ऊन लागल्यावर होते ती. या कागदावरची चिडचिड वेगळी आहे. स्वतःला इजा करतो का, दुसऱ्याला मारतो का, अवेळी किंचाळतो का, मागितलेलं त्याच क्षणी हवं असतं का, मूड घडीत पालटतो का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ० म्हणजे तो त्रास नाहीच, ३ म्हणजे फार. सगळे मिळून जास्तीत जास्त ४५.

२००२ च्या अभ्यासात यायला किमान १८ गुण लागत होते. म्हणजे जरा हट्ट करणारी, जरा रडकी मुलं त्यात नव्हतीच. म्हणून शेजारच्या आळीतल्या एखाद्या नुसत्या हट्टी स्वमग्न मुलाला हा ६९ टक्क्यांचा आकडा लावायचा नाही. तो त्याच्यासाठी मोजलेलाच नाही. काळ्या जमिनीतलं उत्पन्न मुरमावर मोजण्यातला तो प्रकार झाला.

आणि सुधारलं म्हणायला दोन अटी होत्या. चिडचिडीचे गुण निदान २५ टक्क्यांनी कमी व्हायचे, आणि डॉक्टरनं एकंदर पाहून 'बराच' किंवा 'खूपच' फरक आहे असं म्हणायचं. औषधाच्या गटाची सरासरी सुमारे २६ वरून ११ वर आली, नकली गोळीवाल्यांची साडेपंचवीसवरून २२ वर. अकरा म्हणजे शून्य नव्हे. मूल अजूनही कधी ओरडेल, कधी भांडं फेकेल. पण घरात राहणाऱ्याला विचारा, २६ आणि ११ मध्ये काय अंतर असतं ते.

डॉक्टरांनी बहिणीला तो कागद भरायला दिला होता. तिनं भरला, २७ आले. मग मी जावयाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, म्हटलं, तुम्ही वेगळा भरा, तिचा पाहू नका. त्यांचे १९ आले. पोरगं एक, घर एक, आठवडा एक, आणि आठ गुणांचा फरक. जावई सकाळी वावरात जातात, अंधार पडल्यावर येतात. चावे बहिणीच्या हातावर आहेत. दोघंही खोटं बोलत नव्हते. यातून एवढंच कळलं की गुण म्हणजे तराजूवरचं वजन नाही, कोणाच्या तरी डोळ्यानं पाहिलेलं आहे. चांगल्या अभ्यासात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस कागद भरतो. आईनं सुरुवातीला २७ दिले आणि आठ आठवड्यांनी बापानं १९ दिले, तर गोळीविनाच तीस टक्के सुधारणा!

आता ती नकली गोळीवाली बारा मुलं सुधारली कशी? गोळीत जादू होती म्हणून नाही. पहिलं कारण असं की लेकराला आपण दवाखान्यात नेतो कधी? सगळ्यात वाईट आठवड्यात. सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा थोडा बरा असतोच. ज्या वावरात मागच्या साली सगळ्यात कमी पिकलं, त्यात यंदा काही न करताही थोडं जास्त पिकण्याचा संभव असतो, तसंच हे. दुसरं, अभ्यासात दर आठवड्याला कोणी तरी आईला विचारतं, ऐकून घेतं, जरा धीर देतं. तिसरं, आशा. गोळी सुरू झाली म्हटलं की आपण चांगलं शोधायला लागतो. लेकरू एक दिवस शांत बसलं की तो दिवस लक्षात राहतो.

आशेचा हा जोर किती असतो, त्याचा सगळ्यात बोलका दाखला सिक्रेटिनचा. हे आतड्यातलं संप्रेरक आहे. पोटाच्या तपासणीसाठी ते टोचल्यावर तीन स्वमग्न मुलं बोलायला-पाहायला लागली, असा एक अहवाल १९९८ साली आला. तीन मुलं! टीव्हीवर बातमी गेली आणि अमेरिकेत आईबापांची रीघ लागली. मग १९९९ साली नीट प्रयोग झाला. ६० मुलं, अर्ध्यांना सिक्रेटिनचं एक इंजेक्शन, अर्ध्यांना मिठाचं पाणी. चार आठवड्यांत दोन्ही गट सुधारले. स्वमग्नतेच्या एका प्रश्नावलीवर सिक्रेटिनवाल्यांचे गुण सरासरी ८.९ नी उतरले आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचे १७.८ नी. तेवढ्यावरून मिठाचं पाणी जास्त गुणकारी असं कोणी म्हणू नये, तो फरक योगायोगात मोडणारा होता. पण सिक्रेटिनचा उपयोग नव्हता, हे उघड झालं. आणि पुढची गोष्ट मला झोपू देत नाही. निकाल समजावून सांगितल्यावरही त्यातल्या ६९ टक्के आईबापांनी सिक्रेटिनमध्ये आम्हाला अजून रस आहे, असं सांगितलं. योगायोगानं आकडा तोच, ६९.

त्यांना हसायचा अधिकार मला तरी नाही. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या माणसाकडून बहिणीनं एक पावडरीचा 'कोर्स' आणला होता. चौदा हजार रुपये. त्यातले सहा हजार मी दिले होते, आणि देताना एकदाही विचारलं नव्हतं की तुलना कोणाशी केली. तीन आयांचे व्हिडिओ पाहिले आणि पैसे मोजले. कंपनीच्या प्लॉटवर आलुबोंडा खाऊन थैली घेणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं बोल लावत आलो, तोच मी.

म्हणून आता कोणत्याही औषधाबद्दल 'इतके टक्के सुधारले' ऐकलं की मी आधी विचारतो, दुसऱ्या गटाचं काय झालं? सिटालोप्रॅम या गोळीचा एक प्रयोग २००९ साली छापून आला. विषय चिडचिडीचा नव्हता, तेच ते पुन्हा पुन्हा करण्याच्या सवयींचा होता. १४९ मुलं. औषधानं ३२.९ टक्के सुधारली. ऐकायला बरं वाटतं. नकली गोळीनं ३४.२ टक्के. संपला विषय.

अरिपिप्राझोलचं उदाहरण जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण रिस्पेरिडोननंतर चिडचिडीसाठी डॉक्टर बहुतेक तीच गोळी लिहितात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कामासाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये मान्यता दिली आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये. अरिपिप्राझोलचे दोन मुख्य अभ्यास २००९ सालचेच, आठ-आठ आठवड्यांचे. एकात ९८ मुलं होती. औषधाच्या गटात चिडचिडीचे गुण सरासरी १२.९ नी उतरले, नकलीत ५ नी. दुसऱ्यात २१८ मुलं, आणि १५ मिलिग्रॅमच्या गटात १४.४ नी उतरले. नुसता औषधाचा आकडा पाहिला तर दुसरा अभ्यास वरचढ वाटतो. पण त्यात नकली गोळीवालेही ८.४ नी उतरले होते. म्हणजे औषधाचा निव्वळ हिस्सा पहिल्यात आठाच्या जवळ आणि दुसऱ्यात सहा. हे दोन्ही अभ्यास औषध कंपन्यांच्या पैशानं झाले. २००२ चा रिस्पेरिडोनचा अभ्यास सरकारी पैशाचा होता. कंपनीनं पैसा दिला म्हणजे अभ्यास खोटा, असं मी म्हणत नाही. चिठ्ठ्या नीट टाकल्या असतील तर कंपनीचा प्लॉटही चांगला असू शकतो. फक्त बोर्डावर नाव कोणाचं, ते आधी वाचून घ्यावं.

आणखी एक भानगड आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोणाला काय मिळालं हे कोणालाच माहीत नाही, असं आपण म्हणतो. पण रिस्पेरिडोननं झोप येते आणि भूक वाढते. कॅनडातल्या ७९ मुलांच्या अभ्यासात, तो २००४ सालचा, औषधाच्या गटातल्या ७२.५ टक्के मुलांना पेंग येत होती, नकलीतल्या ७.७ टक्के मुलांना. आता ज्या आईचं पोरगं दुपारी तीनला जेवता जेवता डुलकी घेतंय, तिला कळणार नाही का आपल्या वाट्याला काय आलं ते? आणि कळलं की प्रश्नावली भरताना तिचा हात थोडा सैल पडणारच. शिवाय, झोपाळलेलं मूल कमी मारतं ते शांत झालं म्हणून की झोप आली म्हणून? त्या अभ्यासकांनी याचा विचार केला होता. पण वाचणाऱ्यानंही करावा. ६९ आणि १२ मधलं अंतर सगळंच्या सगळं यानं भरून निघेल असं मला वाटत नाही, ते फार मोठं आहे. पण छोट्या फरकाच्या अभ्यासात हीच गोष्ट निकाल फिरवू शकते.

मध्येच सोडून गेलेल्यांचाही हिशोब मागावा. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, रात्रीतून प्लॉट फस्त करतात. एखादा हुशार माणूस ते तुकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढतो आणि उत्पन्न वाढल्याचं सांगतो. ज्या मुलांना औषध सोसलं नाही म्हणून ती गेली, त्यांना यादीतून वगळून काढलेली सरासरी अशीच असते. सुरुवातीला चिठ्ठीत जेवढी नावं होती, तेवढी सगळी शेवटच्या हिशोबात असायला पाहिजेत.

आता वजन. २००२ च्या अभ्यासात आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं आणि नकलीवाल्यांचं ०.८ किलोनं. बहीण म्हणाली, "बरं हाय ना मंग, हाडकुळाच हाय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. भाच्याचं वजन १९ किलो होतं. त्यात २.७ म्हणजे सातवा हिस्सा, तोही दोन महिन्यांत. आणि वाढ दोन महिन्यांवर थांबते असं आठ आठवड्यांचा अभ्यास सांगूच शकत नाही, तो तिथे संपतो. पुढे साखर, चरबी यांचा प्रश्न येतो, म्हणून गोळी सुरू करण्याआधी वजन, कंबरेचा घेर आणि रक्तातली साखर-चरबी पाहून ठेवतात आणि नंतर ठरावीक काळानं पुन्हा तपासतात. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही वाढतं. हात थरथरणं, अंग आखडणं, जबडा किंवा जीभ आपोआप हलणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

लोक फायदा टक्क्यांत सांगतात आणि तोटा 'थोडं वजन वाढतं' असा शब्दांत. दोन्ही एकाच मापानं मागून घ्यावेत.

गोळी किती दिवस, हा बहिणीचा पुढचा प्रश्न. त्याचंही मोजमाप झालेलं आहे. २००२ च्या त्याच चमूनं फरक पडलेल्या मुलांना पुढे चार महिने रिस्पेरिडोन चालू ठेवलं. मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांचं औषध हळूहळू काढून त्या जागी नकली गोळी दिली, आणि अर्ध्यांचं चालू ठेवलं. ३२ मुलांचा हिशोब केला तेव्हा नकलीवर गेलेल्या १६ पैकी १० मुलांचा त्रास परतला होता, औषध चालू असलेल्या १६ पैकी दोघांचा. फरक इतका होता की अभ्यास तिथेच थांबवला. हे २००५ मध्ये छापून आलं. याचा एक अर्थ असा की सहा महिन्यांनी औषध काढलं तर बऱ्याच मुलांना त्रास होतो. पण त्या सोळांतली सहा मुलं औषधाविना ठीक होती, हाही त्याचाच अर्थ. अरिपिप्राझोलचा असाच अभ्यास २०१४ मध्ये आला, ८५ मुलांचा. १६ आठवड्यांत औषध चालू असलेल्यांत ३५ टक्क्यांचा त्रास परतला, बंद केलेल्यांत ५२ टक्क्यांचा, आणि हा फरक ठामपणे खरा म्हणता येईल एवढा निघाला नाही. म्हणून दर काही महिन्यांनी 'अजून लागते का?' हे डॉक्टरला विचारायचं. मनानं एकदम बंद मात्र करायची नाही. काढायची ती डॉक्टरच्या हातानं, पायरी-पायरीनं.

हे सगळे अभ्यास गोऱ्या लोकांचे, आपल्या लेकरांना लागू कसे, असं जावयानं विचारलं. प्रश्न योग्य आहे, संकरित बियाण्याबाबत हाच प्रश्न आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विचारत असतो. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी दवाखान्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांवर रिस्पेरिडोनचा प्रयोग झालेला आहे, २००६ मध्ये छापला गेला. दिवसाला १ मिलिग्रॅम, सहा महिने. ३९ मुलं शेवटपर्यंत राहिली. औषधाच्या १९ पैकी १२ मुलांत स्वमग्नतेच्या मापावर निदान २० टक्के फरक पडला, नकलीच्या २० पैकी एकाच्याही नाही. मुलं कमी आहेत आणि मोजपट्टी वेगळी आहे, त्यामुळे २००२ च्या आकड्यांशेजारी ठेवून बेरीज करायची नाही. तरी निकालाची दिशा तीच आहे, आणि हे आपल्या देशातलं आहे.

गोळीविना काय मोजलं गेलंय, तेही मी शोधलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या १८० मुलांचा अभ्यास आला, ३ ते ७ वर्षांची मुलं. अर्ध्या आईबापांना वागणूक हाताळण्याचं प्रत्यक्ष शिक्षण दिलं, म्हणजे भडका उडण्याआधी काय घडतं ते पाहायचं, काय मागतो ते दाखवायला शिकवायचं, कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाकडे नाही. उरलेल्या अर्ध्यांना स्वमग्नतेची नुसती माहिती दिली. २४ आठवड्यांत चिडचिडीचे गुण पहिल्या गटात ४७.७ टक्क्यांनी उतरले आणि दुसऱ्यात ३१.८ टक्क्यांनी. इथेही तेच चष्मे लावायचे. निव्वळ फरक ४७.७ चा नाही, सोळाच्या आसपास टक्क्यांचा आहे. आणि गुण देणारे आईबाप स्वतःच शिक्षण घेत होते, त्यांच्यापासून ते लपवणार कसं? पण यानं वजन वाढत नाही, एवढं खरं. अडचण ही की तसं शिकवणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यातल्या बालकांच्या केंद्रात जायचं तर बहिणीला पहाटेची एसटी, आणि एसटीत भाचा. ते १८० आईबाप पहाटेच्या एसटीनं गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे मीही गेलो. बहिणीनं चार प्रश्न वहीत लिहून नेले होते. या गोळीनं नेमकं काय कमी होईल? (उत्तर: मारणं, स्वतःला इजा, भडका. बोलणं यानं येणार नाही.) किती दिवसांनी कळेल? वजन कधी पाहायचं? कधी थांबवायची? डॉक्टरांनी वही हातात घेऊन वाचली, आधी दात आणि पोट तपासलं, बद्धकोष्ठतेचं औषध वेगळं दिलं, आणि दोन आठवडे नुसतं लिहून काढा म्हणाले, गोळी त्यानंतर. तारीख, वेळ, आधी काय झालं, किती वेळ चाललं. चौदा दिवसांत एकवीस भडके लिहिले गेले. त्यातले बारा थ्रेशर चालू असतानाचे. उरलेले नऊ कशानेही.

गोळी सुरू झाली ती कार्तिकात. पाच आठवड्यांनी बहिणीनं कागद भरला, १५ आले. ती फोनवर हसत होती. मला मात्र माझीच विद्या आडवी आली. २७ चे १५ झाले ते गोळीनं, पोट साफ झाल्यानं, की मळणी संपल्यानं? एका लेकराला शेजारचा तुकडा नसतो. तुलनेसाठी दुसरा भाचा मी आणू कुठून? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जानेवारीत तुरीची मळणी येईल, तेव्हा पाहू. होळीनंतर गोळी थोडी कमी करून पाहू. लिहिणं सोडू नका.

ती वही मी परवा पाहिली. रकाने मीच आखून दिले होते, आठवड्याचे गुण, भडके, झोप आणि वजन. वजनाच्या रकान्यात १९ च्या पुढे २० किलो १०० लिहिलं होतं. त्याच्या शेजारी बहिणीनं पेन्सिलीनं स्वतःचा एक रकाना वाढवला होता, 'भाकर'. पहिल्या आठवड्यात दीड, मग दोन, मग अडीच. पाचव्या आठवड्यात चार, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'अजून मागते'.